कानवल्यांचा रविवार

व्हीसीआर भाड्यानं आणायची कल्पना गणूची होती. पण तिला नाही कुणीच म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्या रविवारी जे झालं त्याचा दोष एकट्या गणूवर टाकता येत नाही.

दिवाळीच्या आधीचा रविवार म्हणजे फणसे कुटुंबात कानवल्यांचा दिवस. सकाळची पौराणिक मालिका संपली की धाकटा गणू आणि त्याची बायको मालू डोंबिवलीहून निघत, त्याची बहीण हेमा कल्याणहून निघे, आणि सगळे ठाण्याला नौपाड्यातल्या घरी जमत. इथे अण्णा आणि आई थोरल्या भाऊकडे राहत. जमायला कारण होतं. साट्याचा कानवला एकट्या बाईनं करायचा पदार्थ नाही. एकीनं पातळ पोळ्या लाटायच्या, दुसरीनं त्यांच्यावर तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा सारखा फासायचा, तिसरीनं पोळ्यांची वळकटी करून लाट्या कापायच्या, त्या पुन्हा लाटून सारण भरायचं, कडा मिटून कातण फिरवायचं. तळायला आई. तुपात पडलेल्या कानवल्यावर आई झाऱ्यानं तूप उडवत, तेव्हा त्याचे पापुद्रे सुटत. मधे कुणी उठलं, तर लाट्या सुकून जात.

आणि अण्णा वाचत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लावून त्यांची वेताची खुर्ची असे, हातात त्या वर्षीचा नवा दिवाळी अंक. अंकातली रहस्यकथा या दिवशीच उघडायची, त्याआधी कुणी तिला हात लावायचा नाही, हा नियम. हात अडकलेल्या माणसांचे कान तरी मोकळे कशाला ठेवायचे, असं अण्णा म्हणत. तळणीतला पहिला कानवला देवाला जाई आणि दुसरा वाचणाऱ्याला. भाऊ शाळेत जायला लागला त्याच्याही आधीपासून हे चालत आलं होतं.

यंदा जूनमध्ये अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. अण्णा वाचले. स्वरयंत्र काढावं लागलं.

आता त्यांच्या गळ्यात श्वासासाठी ठेवलेल्या छिद्रावर मऊ सुती रुमाल असे आणि हाताशी जयाची पाटी. जया ही भाऊची मुलगी, चौथीतली. अण्णा थोडं लिहीत, नेमकं लिहीत आणि पुसून टाकत. घर त्यांना सांभाळून घेत होतं. ते इतकं सांभाळून घेत होतं, की कानवल्यांच्या दिवशी यंदा वाचणार कोण, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. तो काढायचा म्हणजे अण्णा वाचणार नाहीत, हे बोलून दाखवायचं.

मंदाकिनी, भाऊची बायको, शाळेत मराठी शिकवायची. आपल्याला विचारतील असं तिला महिनाभर वाटत होतं. तिनं अंक पेपरवाल्याकडून घेऊन कपाटात साड्यांखाली ठेवला होता. कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःहून काढला नाही. अण्णांची जागा बळकावल्यासारखं दिसलं असतं. मग शुक्रवारी गणूचा निरोप आला की व्हीसीआर आणतो, दोन सिनेमे आणतो, घर भरल्यासारखं वाटेल. भाऊ बरं म्हणाला. हेमानं तर कुठले सिनेमे तेही सांगितलं. मंदाकिनी काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं होकारात धरलं गेलं.

रविवारी गणू स्टेशनवरून रिक्षानं आला, तो चादरीत गुंडाळलेलं यंत्र मांडीवर घेऊनच. घरात शिरल्या शिरल्या त्यानं जागा पाहिली. स्वयंपाकघरात बसलेल्या बायकांना दिसायचं, तर टीव्ही उंबऱ्यापाशीच हवा. त्यानं वेताची खुर्ची उचलून गॅलरीत नेली आणि तिच्या जागी स्टूल मांडून त्यावर टीव्ही ठेवला.

अण्णा बाहेरच्या खोलीत उभे होते. त्यांनी खुर्ची जाताना पाहिली. मग टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, गॅलरीत गेले आणि घराकडे पाठ करून त्या खुर्चीत बसले.

हे मंदाकिनीनं पाहिलं. तिनं भाऊला आत बोलावून सांगितलं. भाऊ म्हणाला, आज वाद नको, त्यांना ऊन बरं वाटत असेल. गॅलरी उत्तरेकडची आहे, एवढंच ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

गणूच्या मनात वाईट काही नव्हतं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, रुग्णालयात वडिलांच्या उशाशी तोच बसला होता. स्वरयंत्र काढायच्या कागदावर सही करताना भाऊचा हात थांबला, तेव्हा पेन त्यानं घेतलं होतं. त्या दिवसापासून त्याला शांततेची धास्ती बसली होती. डोंबिवलीच्या घरीसुद्धा तो रेडिओ लावूनच झोपे. हा दिवस सुना जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. त्यानं कॅसेट सरकवली, आवाज वाढवला आणि बायकांकडे बघितलं. त्या हसत होत्या. जया तर ताटलीतलं सारण खायचं विसरली होती. गणूला बरं वाटलं.

पडद्याकडे एकदाही न बघणाऱ्या दोघीच होत्या. एक आई, कारण त्या कढईसमोर होत्या. दुसरी मालू. तिला लाट्या ओल्या फडक्याखाली झाकायचं काम होतं आणि तिची पाठच टीव्हीकडे होती.

पहिला घाणा तुपात गेला. कानवले फुगले, आणि मग एकाची कड उकलली. सारण बाहेर आलं, साखर तळाशी जाऊन करपली. दुसरा उकलला, तिसरा उकलला. जे राहिले त्यांचे पापुद्रे सुटलेच नाहीत; ते पुरीसारखे घट्ट वर आले, कारण हेमानं साटा फासताना नायिकेचं लग्न पाहिलं होतं आणि मंदाकिनीनं कडा मिटताना, गॅलरीकडे बघतो का म्हणून, भाऊचा चेहरा. महिनाभर साय साठवून कढवलेलं तूप काळं पडलं.

आईंनी स्टोव्ह बारीक केला. त्या कधी आवाज चढवत नसत.

"गणू, ते बंद कर. या कामाला डोळे लागतात. ते यानं घेतले."

गणूनं टीव्ही बंद केला. हेमाला ते लागलं. माहेरच्या या एका दिवसासाठी ती सासूला सांगून, नणंदेला मनवून आली होती. तिनं गणूची बाजू घेतली. तो बिचारा एवढं ओझं डोंबिवलीहून घेऊन आला, त्याचं कुणाला काही नाही. वहिनींना तर सकाळपासून हे नकोच होतं. मंदाकिनी म्हणाली, मी एक शब्द बोललेले नाही. तेच तर, हेमा म्हणाली. भाऊनं दोघींना गप्प बसायला सांगितलं, म्हणून दोघी त्याच्यावर उलटल्या. आणि त्या भरात हेमा ते वाक्य बोलून गेली, जे या घरात पाच महिने कुणी उच्चारलं नव्हतं.

"मग काय नुसती लाटणी ऐकत बसायचं? अण्णा वाचणार आहेत का आता?"

गॅलरीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. तो सगळ्यांना ऐकू आला, म्हणजे हेमाचं बोलणंही तिथवर पोचलं असणार. हेमानं साट्याचा हात तसाच तोंडावर नेला. तिच्या ओठांना पिठी लागली.

आईंनी काळं तूप उतरवून ठेवलं, दुसरी कढई चढवली आणि मंदाकिनीकडे पाहिलं.

"मंदा, हात धू. अंक आण. कपाटात आहे ना?"

आईंना ठाऊक आहे, हे मंदाकिनीला ठाऊक नव्हतं. तिनं अंक आणला. टीव्हीच्या स्टुलाशेजारी पाट घेऊन ती बसली. तिची लाटण्याची जागा मालूनं घेतली. गॅलरीतली खुर्ची आणायला कुणी गेलं नाही. ती रिकामी नव्हती.

मंदाकिनीचं वाचन शुद्ध होतं. गोष्ट एका लग्नघरातली. वधूची हिऱ्याची कुडी नाहीशी होते, खोलीचं दार आतून बंद, खिडकीला गज. इन्स्पेक्टर येतो, एकेकाला विचारतो. बायकांचे हात चालू लागले. साटा सारखा लागत होता, कडा नीट मिटत होत्या. तरी काहीतरी कमी होतं. ते काय, हे जयाच्या प्रश्नानं कळलं.

"आई, गोमाजी कधी येणार?"

येईल, मंदाकिनी म्हणाली, आणि वाचत राहिली. गोमाजी हवालदार दर वर्षी यायचा. साहेबाच्या मागे मागे, पोट सांभाळत, कळव्याहून पूल ओलांडून चालत यायचा. साहेब चोराचा विचार करी आणि गोमाजी जेवणाचा. आधी त्याच्या डब्यातल्या सुक्या बोंबलांचा वास येई, मग गोमाजी. या घरातली मुलं गोमाजीवर वाढली होती. परीक्षेत नापास झालेल्या गणूला अण्णांनी एकदाच समजावलं होतं आणि तेही गोमाजीच्या तोंडून.

दोन पानं झाली, गोमाजी आला नाही. मंदाकिनीनं पुढची पानं चाळली, मग शेवटपर्यंत चाळली.

"यात गोमाजी नाहीये," ती म्हणाली.

हेमा म्हणाली, असा कसा नसेल, दर वर्षी असतो. भाऊनं शक्यता मांडली की लेखक बदलला असेल. मंदाकिनीनं मान वर केली. मराठीची बाई होती. एवढा साधा हिशेब आपल्याला कधी सुचला नाही, याचं तिला नवल वाटत होतं. लेखक दर वर्षीच बदलतो, ती म्हणाली. गेल्या वर्षीचा वेगळा, त्याच्या आदल्या वर्षीचा वेगळा. मग सगळ्यांच्या गोष्टीत हवालदार एकच कसा?

गोष्ट ऐकून झाली की अंकात ती पुन्हा वाचायची, हे या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ऐकलेली गोष्ट परत कोण वाचतं? एकेक करून सगळ्यांच्या नजरा गॅलरीकडे वळल्या. पाठमोरे अण्णा हलले नाहीत.

"मी वाचायचे," आई म्हणाल्या. त्यांची नजर तुपावरच होती. "दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे गेले की. छापलेली गोष्ट नेहमी फिकी निघायची."

मालूच्या हातातलं लाटणं थांबलं होतं.

तिला तिची पहिली दिवाळी आठवत होती. लग्न रजिस्टर झालेलं. कळव्याच्या दामाजी कोळ्याची मुलगी फणश्यांनी घरात घेतली होती, पण घेतली म्हणजे नेमकं काय केलं, ते अजून कुणाला कळलं नव्हतं. त्या रविवारी ती याच स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. हाताला काम नव्हतं. सगळ्या तिच्याशी गोड बोलत होत्या आणि लाटणं कुणी देत नव्हतं. अण्णा वाचत होते. कळव्याचा हवालदार आला. डब्याचा वास आला. दर वर्षी ज्या जागी हसायचं तिथे त्या वर्षी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे पाहिलं. तिला उठून जावंसं वाटलं होतं.

अण्णा थांबले नव्हते. त्यांनी पान उलटलं आणि वाचलं की साहेबानं गोमाजीचा डबा मागून घेतला, चाटूनपुसून खाल्ला, आणि जेवण होईपर्यंत गोमाजी समोरच्या पाहुण्याचे बूट बघत बसला. मग गोमाजी म्हणाला, साहेब, हे गृहस्थ नाशकाहून आलो म्हणतात, पण बुटाला गाळ आहे तो आमच्या खाडीचा. वाळला की पांढरा पडतो. चोर सापडला. आजवर फक्त जेवणाच्या गोष्टी करणाऱ्या गोमाजीनं त्या वर्षी चोर पकडला. अण्णांनी चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, "मालू, खाडीचा गाळ वाळला की पांढरा पडतो, हे खरं का गं?" ती म्हणाली होती, "हो अण्णा. मीठ वर येतं." त्या स्वयंपाकघरात तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. हेमानं लाटणं तिच्याकडे सरकवलं होतं. "बस इकडे," म्हणाली होती.

आपलं नशीब, की लेखकानं नेमकं त्याच वर्षी असं लिहिलं, असं मालू आजवर समजत होती. त्या न पाहिलेल्या लेखकाचे तिनं मनात आभारही मानले होते.

मंदाकिनीनं पुन्हा वाचायला घेतलं, कारण लाट्या सुकत होत्या. इन्स्पेक्टर बंद दारासमोर उभा राहिला आणि विचारता झाला, "दार आतून बंद, खिडकीला गज. मग चोर गेला कुठून?"

पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत मालू बोलली. मान खाली, हात लाटण्यावर. या घरात ती प्रमाण मराठी बोले. हे मात्र तिच्या आज्याच्या, होडीवरच्या बोलीतलं होतं.

"सायेब, चोराचं मंग बघू. पयले मना सांगा, या घरान च्या कोन देतंय का नाय?"

जया खिदळली. मग हेमा हसली, इतकी की तिला साट्याचं ताट बाजूला ठेवावं लागलं. मंदाकिनी मात्र हसली नाही. तिनं अंकावर बोट ठेवलं, इन्स्पेक्टरच्या कठोर आवाजात "गोमाजी, तू गप्प बस" असं जे छापलेलं नव्हतं ते वाचलं, आणि मग छापलेल्या ओळीवर आली.

गॅलरीतलं वर्तमानपत्र खाली आलं होतं. अण्णांचे खांदे हलत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसे. गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडे. ते उठले, आत आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. तिथे टीव्ही होता.

गणूच्या हे तेव्हा लक्षात आलं. त्यानं एका शब्दाची वाट पाहिली नाही. टीव्ही उचलून पलंगावर ठेवला, व्हीसीआर पुन्हा चादरीत गुंडाळला. भाऊनं खुर्ची आणली. ती आपल्या जागी बसवताना तिचे पाय नेहमीच्या फरश्यांवर येतात ना, हे त्यानं वाकून पाहिलं.

अण्णा बसले. त्यांनी जयाकडे हात केला, तिनं पाटी दिली. मग मंदाकिनीला खुणेनं पुढे जायला सांगितलं. ती वाचू लागली. अण्णांना हवं तिथे त्यांचं बोट वर होई, मंदाकिनी थांबे. पाटीवर एक ओळ उमटे, ती फक्त मालूला दिसेल अशी धरली जाई, आणि गोमाजी कळव्याच्या बोलीत बोले. दोन-तीन वेळा मालूनं पाटीवर होतं त्याहून जास्त सांगितलं. अण्णांनी भुवया उंचावल्या, पण हरकत घेतली नाही.

तूप तापलं होतं. आईंनी घाणा सोडला. या वेळी एकही कड उकलली नाही. झाऱ्यानं उडवलेल्या तुपाखाली पापुद्रे एकेक करून सुटत गेले.

गोष्ट शेवटाला आली. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना मांडवात जमवलं आणि चोराकडे बोट दाखवायला हात उचलला. अण्णांचं बोट वर झालं. मंदाकिनीनं अंक मिटून धरला. हीच जागा, अण्णा नेहमी थांबत ती. मालूनं पाटी वाचली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"पयले कानवला, मंग चोर."

पहिला कानवला देवापुढे गेला. दुसरा आईंनी बशीत घेतला आणि त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता. वाचलं मंदानं, बोलली मालू. मग त्यांनी बशी अण्णांना दिली. अण्णांनी ती मालूपुढे धरली.

मालूनं हात पुढे केला नाही.

"अण्णा, माझ्या पहिल्या दिवाळीला गोमाजीनं गाळ ओळखला, ते तुम्हीच केलं ना?"

अण्णांनी बशी मांडीवर ठेवली. पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि या वेळी सगळ्यांना दिसेल अशी धरली. जयानं मोठ्यानं वाचलं:

"मला गाळातलं काय कळतं? तू हो म्हणालीस, म्हणून खरं झालं."

हेमानं पदरानं ओठांची पिठी पुसली. मालूनं बशी घेतली आणि कानवल्याचे तीन भाग केले. एक मंदाकिनीच्या हातावर ठेवला. एक वाटीत घेऊन त्यावर कोमट दूध घातलं. कोरडं अण्णांच्या घशाखाली उतरत नसे. ती वाटी अण्णांना दिली. तिसरा तिनं स्वतः खाल्ला. पापुद्रे तिच्या मांडीवर सांडले.

मग आई म्हणाल्या, लाट्या सुकताहेत, आणि सगळे हात पुन्हा चालू लागले. अण्णांनी पुढे वाच अशी खूण केली. मंदाकिनीनं चोराचं नाव वाचलं. ते कुणाला पटलं नाही. गोमाजीचं म्हणणं काय आहे, असं जयानं विचारलं.

अण्णांनी पाटीसाठी हात पुढे केला. पाटी मालूजवळ होती, तिच्या पाठीमागे भिंतीला टेकून ठेवलेली, अक्षरं तशीच. ती पुसायला तिनं नकार दिला. गोमाजीचं पुढचं म्हणणं लिहायला जयाला शेजारच्यांकडे जाऊन दुसरी पाटी मागून आणावी लागली.